गेवा: फांदी न मोडता ओळखायचं झाड

खाडीसफाईचा दिवस होता. ओहोटी लागलेली, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काही केल्या हाताला लागत नव्हत्या. आमच्यातला एक कॉलेजचा पोरगा काठी शोधत काठावरच्या हिरव्यागार झाडाकडे वळला. फांदीला हात घालणार तोच मागून आवाज आला, "ए बाळा, ती नको. डोळे जातील."

ओरडणाऱ्या मावशींचं सगळं आयुष्य खाडीत चिंबोऱ्या धरण्यात गेलेलं. झाडाचं नाव विचारलं तर म्हणाल्या, हुरा. का नको, तर "चीक वाईट हाय त्याचा." एवढं सांगून त्या पुढे गेल्या. पोरगा हसला, पण फांदी मोडली नाही.

कांदळवनं हल्ली सतत बातम्यांत असतात. कुठे रस्त्यासाठी झाडं तोडायची की नाही यावर कोर्टात वाद, कुठे सफाई मोहीम, कुठे होडीतून सफारी. दर 26 जुलैला जागतिक कांदळवन दिन असतो. युनेस्कोने 2015 मध्ये तो ठरवला तेव्हा मुंबईच्या 2005 च्या महापुराची तारीख कुणाच्या मनात नसणार, पण आपल्याला मात्र तो योगायोग विसरता येत नाही. त्या पुरानंतरच मिठी नदीकाठच्या कांदळवनांची गोष्ट शहरात घरोघरी बोलली गेली. थोडक्यात, पूर्वी जिथे फक्त कोळी, आगरी, भंडारी आणि खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले, शेतकरी जात, तिथे आता शाळेच्या सहली जातात. त्यामुळे मावशींना जे आपसूक माहीत आहे ते बाकीच्यांनी माहीत करून घेण्याची वेळ आली आहे.

आधी झाडाची ओळख

कांदळवन म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात वाढणारं जंगल. त्यात एकच एक झाड नसतं. तिवर असतो, चिपी असते, कांदळ असतो, काजळा असतो, काटेरी पानांची मारांडी असते. याच गोतावळ्यात आपलं आजचं झाडही असतं: गेवा. कुणी त्याला हुरा किंवा हुरी म्हणतं, कुणी फुंगळी. गोव्यात हुरो. सुंदरबनात बंगाली लोक त्याला जवळजवळ आपल्यासारख्याच नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव एक्सिकेरिया अगॅलोका.

झाड अस्सल इथलं आहे. घाणेरी किंवा जलपर्णी जशी बाहेरून आली तसा गेवा आलेला नाही. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांपासून आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि थेट फिजीपर्यंत तो नैसर्गिकपणे वाढतो. आपल्याकडे ठाणे-मुंबईच्या खाड्यांपासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत तो भेटतो, आणि गोव्यात मांडवीकाठीही.

कूळ एरंडाचं. हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंचसं आपोआप कळतं. एरंड, मोगली एरंड, जमालगोटा, कुंपणाला लावतात तो शेर, दोडामार्गाकडच्या बागांमधलं रबर, ही सगळी याची भावकी. या कुळातल्या पुष्कळ झाडांच्या अंगात पांढरा चीक असतो, आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी वाईटावर असतो.

चीक म्हणजे काय, आणि तो उडतो का?

चीक म्हटलं की पपई, रुई, वड आठवतात. (खरवसाचा चीक वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) मुळांकडून पानांना पाणी आणि पानांकडून बाकी झाडाला अन्न नेणाऱ्या नळ्या सगळ्याच झाडांत असतात. चीकवाल्या झाडांत त्याशिवाय आणखी एक वेगळं जाळं असतं. त्यात हा दुधासारखा द्रव भरलेला असतो, आणि तोही दाबाखाली. सायकलच्या ट्यूबमध्ये जशी हवा कोंडलेली असते तसा. जोवर ट्यूब धड आहे तोवर बाहेर काहीच दिसत नाही. टाचणी लागली की फुस्स.

झाडाच्या दृष्टीने हे चोख संरक्षण आहे. पान खायला आलेल्या अळीच्या तोंडात पहिल्याच घासाला चिकट, झोंबणारा द्रव जातो आणि वर जखमही बुजते. माणसासाठी अडचण अशी की कोयत्याचा घाव बसला किंवा फांदी झटक्यात मोडली की चीक फक्त ओघळत नाही, त्याचे थेंब उडतात. आणि फांदी मोडताना आपला चेहरा कुठे असतो? तिच्यासमोरच. चिखलात तोल सावरत वर बघत असतो आपण.

म्हणून गेव्याच्या बाबतीत एक विचित्र पेच आहे. त्याची सगळ्यात पक्की खूण म्हणजे पांढरा चीक, आणि ती खूण तपासणं हाच सगळ्यात मोठा धोका. पान तोडून बघू, चीक आला तर गेवा, हा शहाणपणा इथे अंगाशी येतो. तो ओळखायचा तर न तोडता.

मग ओळखायचा कसा?

सुरुवात जागेपासून करा. खाडीच्या अगदी तोंडाशी, जिथे भरतीचं पाणी रोज कमरेएवढं चढतं तिथे चिपी आणि तिवर यांचं राज्य. गेवा जास्त करून जमिनीच्या बाजूला असतो: खाडीच्या वरच्या अंगाला जिथे गोडं पाणी मिसळतं तिथे, कांदळवनाच्या आतल्या कडेला, खाजणाच्या बांधावर. म्हणजे नेमका आपण चालतो, बसतो, डबा खातो त्या बाजूला. हे त्याचं दुसरं फसवेपण.

आता खाली बघा. तिवराभोवती चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात. चिपीच्याही तशाच, जरा जाड. कांदळाची मुळं खोडातून कमानीसारखी उतरतात, जणू झाड तंगड्या पसरून उभं आहे. गेव्याकडे यातलं काहीच नाही. त्याची मुळं जमिनीलगत सापासारखी वेडीवाकडी, एकमेकांत गुंतून पसरलेली दिसतात. पेन्सिली नाहीत, कमानी नाहीत, नुसता जुडगा.

मग पानं. इथे थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक गोंधळ पानांवरूनच होतो. तिवराची पानं डहाळीवर समोरासमोर जोडीने येतात आणि खालून पांढुरकी, राखाडी दिसतात. चिपी आणि कांदळ यांचीही जोडीनेच. गेव्याची पानं एकेक करून येतात, एक डावीकडे, मग पुढे एक उजवीकडे. साधारण बोटाएवढी लांब, अंडाकृती, टोकाला निमुळती, वरून चकचकीत गडद हिरवी. कडा नीट पाहिल्या तर किंचित नागमोडी. लहान झाड असेल तर कुणालाही वाटावं की वडा-पिंपळाच्या जातीतलं काहीतरी रोपटं बांधावर उगवलंय. तेही चीकवालेच, पण गरीब.

काजळ्याशी मात्र गल्लत होऊ शकते, कारण त्याचीही पानं एकेकच येतात. फरक टोकाला आहे. काजळ्याच्या पानाचं टोक गोल असतं, कधी मध्ये छोटी खाच. गेव्याचं टोक निमुळतं. काजळ्याच्या पानांवर कोरड्या दिवसांत मिठाचे कण चमकतात, त्याची फुलं पांढरी नि सुवासिक, आणि फळं वाकड्या मिरचीसारखी. गेव्यात यातलं काही नाही.

सगळ्यात सोपी आणि लांबून दिसणारी खूण म्हणजे लाल पानं. आपल्याकडच्या बदामाच्या झाडाची पानं झडण्याआधी कशी तांबडीलाल होतात? गेव्याचंही तसंच. जुनी पानं पिवळी, केशरी, मग लाल होऊन गळतात. बाकी सगळं कांदळवन एकसुरी हिरवं असताना मध्येच एक झाड पेटल्यासारखं दिसलं, किंवा हिरव्या झाडाखाली चिखलावर लाल पानांचा सडा दिसला, तर तिथे गेवा असण्याची शक्यता फार मोठी. फोटो काढायला लोक त्याच्याकडे ओढले जातात तेही यामुळेच. फोटो खुशाल काढा. टिकवायला म्हणून पान खुडू नका.

फुलं आली असतील तर शंकाच उरत नाही. गेव्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, पपईसारखं. नर झाडाला पानांच्या बगलेतून हिरवट पिवळे, बोटभर लांब, लोंबते तुरे येतात. पिंपळीचं कणीस मऊ आणि पिवळं केलं तर जसं दिसेल तसे. मादीचे तुरे आखूड. फळ वाटाण्याहून थोडं मोठं, तीन फाकांचं, एरंडीच्या फळाचे काटे काढून टाकल्यासारखं. पिकलं की तडकतं आणि बिया पाण्यावर तरंगत जातात. कांदळासारख्या लोंबत्या हिरव्या शेंगा इथे शोधू नका.

यातली एक खूण जुळली म्हणजे झालं असं नाही. जागा, मुळं, एकेक येणारं निमुळतं पान, आणि लाल पानगळ किंवा तुरे: यातल्या तीन जुळल्या की झाडाला हात न लावता पुढे व्हा. मावशींनी तर एवढंही पाहिलं नव्हतं. त्यांना ते लांबूनच कळलं होतं, आपल्याला गर्दीत ओळखीचा माणूस चालीवरून कळतो तसं.

खरंच आंधळं होतं का माणूस?

"डोळे जातील" हे मावशींचं म्हणणं अंधश्रद्धा नाही, पण त्यात थोडी भर घालायला हवी.

गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते, डोळा लाल होतो, सुजतो, उघडवत नाही, आणि दिसणं अंधूक होतं किंवा काही काळ जातं. कातडीवर लागला तर लाली, आग, फोड. इंग्रजीत या झाडाला आंधळं करणारं झाड अशाच अर्थाचं नाव आहे. शास्त्रीय नावातला एक्सिकेरिया हा शब्दही लॅटिनमधल्या आंधळं करणे या क्रियापदावरून आला.

त्या नावामागे एक गोष्ट आहे. सतराव्या शतकात डच कंपनीचा रुम्फियस नावाचा माणूस आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करत होता. या झाडाला त्याने आंधळं करणारा वृक्ष म्हटलं. लाकूड तोडायला किनाऱ्यावर उतरलेल्या खलाशांच्या डोळ्यांत चीक उडाला आणि ते वेड्यासारखे सैरावैरा धावू लागले, असा किस्सा त्याच्या नोंदीशी जोडून सांगितला जातो. दैवदुर्विलास असा की 1670 मध्ये रुम्फियस स्वतःच आंधळा झाला. गेव्यामुळे नव्हे, डोळ्यांच्या आजाराने. तरी तो पुढे तीसेक वर्षं दुसऱ्यांकडून लिहून घेत काम करत राहिला, आणि त्याचा ग्रंथ छापून आला तो त्याच्या मृत्यूनंतर, 1741 पासून.

बहुतेक वेळा हे आंधळेपण तात्पुरतं असतं. एरंडाच्या कुळातल्या इतर चिकांचा, विशेषतः शेरासारख्या झाडांचा, नेत्रतज्ज्ञांना चांगला अनुभव आहे. सुरुवातीला चुरचुर, मग काही तासांत त्रास वाढतो, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलवटतो. वेळेवर धुतलं आणि उपचार झाले तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत डोळा पूर्ववत होतो. दुर्लक्ष केलं, त्यात जंतुसंसर्ग झाला, तर मात्र कायमची हानी होऊ शकते. "सुरुवातीला चुरचुर" हे शब्द पुन्हा वाचा. पहिल्या तासात फार काही वाटलं नाही म्हणून घरी जाऊन झोपणारे लोक असतात, आणि फसतात ते हेच.

हा बिब्ब्यासारखाच प्रकार ना?

बिब्बा उतला की अंगावर फोड येतात हे गावाकडे सर्वांना ठाऊक आहे. आणि हेही ठाऊक आहे की काहींना बिब्बा नुसता शिवला तरी उततो, तर काही जण तो बिनदिक्कत हाताळतात. कारण तिथे बहुतांशी भानगड आपल्या शरीराच्या प्रतिक्रियेची असते. ज्याच्या शरीराने त्या तेलाला शत्रू ठरवलं, त्यालाच त्रास.

गेव्याचा चीक असला भेदभाव करत नाही. तो थेट पेशींवर काम करतो, त्यामुळे "मला कसलीच ॲलर्जी नाही" हे इथे कामाचं नाही.

थोडं रसायनशास्त्र सांगतो, एकदाच. आपल्या पेशींत एक कळ असते, तिला प्रोटीन कायनेज सी म्हणतात. इजा झाली की शरीर ही कळ क्षणभर दाबतं: सूज आण, रक्त पाठव, दुरुस्तीची माणसं बोलव. काम झालं की कळ सुटते. गेव्याच्या चिकातली रसायनं नेमकी या कळीवर जाऊन बसतात आणि सुटतच नाहीत. दाराची बेल कुणी दाबून वर चिकटपट्टी लावून पळून जावं, आणि आत घरभर गोंधळ उडावा, तशी अवस्था. इजा चिमूटभर, पण शरीर आग लागल्यासारखं धावतं. ही रसायनं ज्या घराण्यातली आहेत त्यातल्या फॉरबॉल या रेणूचा शोध मुळात लागला तो जमालगोट्याच्या तेलात. जमालगोटा पोटात काय करतो ते आजीला विचारा. तीच कथा इथे डोळ्यात घडते.

झाडाखाली नुसतं उभं राहिलं तरी बाधतं म्हणतात

हे बहुधा दुसऱ्या झाडाचं किटाळ गेव्यावर आलं आहे. अमेरिका खंडात, कॅरिबियन किनाऱ्यावर, याच कुळातलं मँचिनील नावाचं झाड आहे. पावसात त्याच्याखाली थांबलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. इंटरनेटवर दोघांची माहिती सर्रास एकमेकांत मिसळलेली सापडते.

गेव्याची साल धड असेल तर चीक आतच असतो. सावलीत उभं राहणं, शेजारून होडी नेणं, फोटो काढणं यात काही नाही. मात्र वादळवाऱ्यानंतर किंवा कुणी नुकतीच छाटणी केली असेल तर तुटक्या फांद्यांपासून लांब राहा. आणि एक गोष्ट खरोखर टाळा: चूल. वाळलेल्या लाकडाचा धूरही डोळ्यांना झोंबतो. खाडीकाठी पार्टी करताना गोळा केलेल्या काटक्यांत गेवा असला तर भाजलेली कोलंबी बाजूलाच राहील. फिजी बेटांवर एकोणिसाव्या शतकात महारोग्यांना या लाकडाच्या धुरात कोंडण्याचा अघोरी उपचार होत असे, अशा नोंदी आहेत. त्याचा गुण काय आला असेल ते तुम्हीच ठरवा.

विषारी आहे तर तोडून टाका ना

हा प्रश्न सफाईच्या दिवशीही निघाला. पहिलं उत्तर व्यवहाराचं: झाड उभं आहे तोवर त्याचा त्रास जवळजवळ शून्य. तोडायला गेलात तरच चीक उडतो. म्हणजे धोका टाळायचा म्हणून आपण नेमकं धोक्याचंच काम करणार.

दुसरं उत्तर कायद्याचं. महाराष्ट्रात कांदळवन तोडायला बंदी आहे, त्यात गेवाही आला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीवर निर्बंध घातले आणि सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला असं स्पष्ट सांगितलं. राज्याने 2012 मध्ये त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष काढला. 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. गेव्याला असले मान मिळणार नाहीत हे उघड आहे.

तिसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या गुंतलेल्या मुळांचं जाळं खाडीचा काठ धरून ठेवतं, आणि हे झाड बांधाच्या बाजूला असल्याने ते नेमकं माणसाच्या शेताजवळचा काठ धरतं. तुऱ्यांवर मधमाश्यांची झुंबड असते. सुंदरबनात मध काढणाऱ्यांच्या हंगामात गेव्याच्या मधाची गणती स्वतंत्र होते.

थांबा, विषारी झाडाचा मध कसा खातात?

कारण झाडाच्या अंगात सगळीकडे एकच द्रव फिरत नाही. चिकाच्या नळ्या वेगळ्या आणि फुलातला मकरंद वेगळ्या ग्रंथींत तयार होणारा. ज्या घरात फिनेलची बाटली आहे त्याच घरात पाण्याचा माठही असतो. म्हणून मध चालतो. पान, फळ, साल यातलं काही तोंडात घालायचं नाही हे मात्र वेगळं सांगायला नको. या झाडाचा चीक कुठे कुठे मासे गुंगवायला वापरला गेला आहे, एवढ्यावरून काय ते समजावं.

पण औषधी आहे असंही वाचलंय

तेही खरं, अर्धवट खरं. 1995 मध्ये गेव्यातून वेगळा केलेला एक फॉरबॉल प्रयोगशाळेत एचआयव्ही विषाणूविरुद्ध परिणाम दाखवतो असं संशोधकांनी प्रसिद्ध केलं. वर सांगितलेली बेलची कळ आठवा. पेशीतली इतकी महत्त्वाची कळ दाबता येते म्हटल्यावर संशोधकांना त्यात रस वाटणारच. पण काचेच्या बशीतला परिणाम आणि माणसाला द्यायचं औषध यांत फार मोठं अंतर असतं, आणि त्यातून चिकाचा थेंब कुठल्याही दुखण्यावर लावावा असं काही निघत नाही.

औषधापेक्षा या झाडाने माणसाला लाकूड जास्त दिलं. लाकूड हलकं आणि मऊ, म्हणून आगपेटीच्या काड्या, खोकी, आणि कागदाचा लगदा. खुलना इथे 1959 साली सुरू झालेल्या वृत्तपत्र-कागदाच्या गिरणीचा मुख्य कच्चा माल सुंदरबनातला गेवाच होता. ती 2002 मध्ये बंद पडली. तोवर पूर्व पाकिस्तानातल्या आणि मग बांगलादेशातल्या कित्येकांनी सकाळचं वर्तमानपत्र वाचलं ते या आंधळं करणाऱ्या झाडाच्या कागदावर.

नावातला दुसरा शब्द, अगॅलोका, तर आपल्याच ओळखीचा निघतो. तो ग्रीकमधून आला, आणि ग्रीकमध्ये बहुधा आपल्या अगरूवरून गेला. जुन्या गेव्याच्या गाभ्याला थोडा वास असतो, म्हणून महागड्या अगरूच्या नावावर तो खपवला जाई. दक्षिणेत त्याचा मान मात्र अस्सल आहे. तमिळमध्ये या झाडाला तिल्लै म्हणतात, आणि नटराजाच्या चिदंबरमचं जुनं नाव तिल्लै, कारण तिथे म्हणे पूर्वी याच झाडांचं वन होतं. आजही तो त्या देवळाचा स्थलवृक्ष आहे. आता झाडं पाहायची तर पूर्वेला पिचावरमच्या कांदळवनात जावं लागतं.

लागलाच चीक, तर?

पहिलं काम, डोळा चोळायचा नाही. हात हटकून तिकडेच जातो, आणि त्या हाताला चीक असतोच. आधी हात साबणाने, निदान भरपूर पाण्याने धुवा. मग डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा, निदान पंधरा-वीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण आपल्याला तीन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून टाका. खाडीचं पाणी वापरू नका, त्यात मीठ, गाळ आणि शहराचं बाकी सगळं असतं. म्हणूनच खाडीत जाताना पिण्याच्या बाटलीखेरीज पाच लिटरचा एक कॅन गटात असावा. साधा चष्मा किंवा गॉगल असला तर निम्मी भीती तिथेच संपते.

दूध, मध, तूप, गुलाबपाणी यातलं काही डोळ्यात घालू नका. घरात मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स असतात, तेही नकोत. त्यांत स्टेरॉईड असू शकतं, आणि डोळ्याला जखम असताना ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालणं धोक्याचं. धुऊन झालं की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

कातडीवर लागला तर ओला असतानाच साबण-पाण्याने धुवा. वाळला की रबरासारखा चिकटून बसतो. चिखलाने घासून काढायचा मोह होतो, तो आवरा, घासल्याने चीक पसरतो आणि कातडी सोलवटते. डागलेला शर्ट डोक्यावरून ओढून काढू नका, चेहऱ्यावरून जाईल. बटणं सोडा, नाहीतर कापा. कोयता, दोरी, मोजे हेही धुऊन ठेवा.

काठावर आणखी एक चीकवालं झाड भेटतं, सुकणू. पांढरी सुवासिक फुलं, हिरव्या आंब्यासारखं दिसणारं गोल फळ. त्याचं विष वेगळं, ते हृदयावर जातं. लहान मुलं बरोबर असतील तर खाडीकाठचं कुठलंही आंब्यासारखं फळ आंबा नव्हे एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा. फळ तोंडात गेलं असेल तर थेट दवाखाना, वाट बघायची नाही.

शेवटची गोष्ट दवाखान्यातली. शहरातल्या डॉक्टरांना गेवा, हुरा, फुंगळी ही नावं माहीत असतीलच असं नाही. त्यांना सांगा की शेराच्या चिकासारखा चीक डोळ्यात गेला आहे, किती वाजता गेला आणि किती वेळ धुतला. शेराचा चीक म्हटलं की पुढचं त्यांच्या लक्षात येतं. झाडाचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर दाखवा. फांदी पिशवीत घालून नेऊ नका. केस पेपर काढणाऱ्या बाईंनी काय पाप केलंय.